ब्लॉक केलं तरी नको ते फोन येतातच? ब्लॉकवर थांबू नका, १९०९ ला कळवा

कांद्याला पाणी चालू असतं, हात चिखलाने भरलेले असतात आणि खिशातला फोन वाजतो. महत्त्वाचा असेल म्हणून हात पुसून फोन घ्यावा, तर पलीकडून आवाज येतो, "सर, आपल्याला पर्सनल लोन मंजूर झालंय." चिडून नंबर ब्लॉक केला जातो. तासाभराने तोच आवाज, तेच बोलणं, नंबर मात्र दुसरा. दिवसात असे चार-पाच फोन आले की माणूस वैतागतो आणि अनोळखी नंबर उचलणंच बंद करतो. मग नेमका टेम्पोवाल्याचा नाहीतर व्यापाऱ्याचा फोन राहून जातो आणि माल वेळेवर बाजारात पोहोचत नाही.

गावोगावी एकच तक्रार ऐकू येते: "नंबर ब्लॉक करून करून थकलो, पण फोन काही थांबत नाहीत." याचं कारण सरळ आहे. ब्लॉक केल्याने फक्त आपलं दार बंद होतं. फोन करणाऱ्याची लाईन चालूच राहते. ती बंद करायची असेल तर तक्रार करावी लागते. ती कशी करायची, हे समजून घेऊ.

ब्लॉक केल्यावर नेमकं काय होतं?

आपण नंबर ब्लॉक करतो तेव्हा तो आपल्याच मोबाईलमधल्या एका यादीत जातो. त्या नंबरवरून कॉल आला की मोबाईल तो स्वतःच कापतो. फोन करणाऱ्याला कुणी अडवत नाही, आणि आपण त्याला ब्लॉक केलंय हे सिम कंपनीलाही कळत नाही.

जाहिरातीचे कॉल करणाऱ्यांकडे एक-दोन नाही, तर नंबरांचा गठ्ठाच असतो. कॉम्प्युटर आपोआप नंबर फिरवतो. एक नंबर ब्लॉक झाला की दुसऱ्या नंबरवरून कॉल लागतो. म्हणून एकेक नंबर ब्लॉक करणं म्हणजे गवताचे शेंडे खुडण्यासारखं आहे. मूळ तसंच राहतं.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. मोबाईलमध्ये ब्लॉक केलेला नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक होत नाही. तिथे तो वेगळा ब्लॉक करावा लागतो.

ब्लॉक केलेल्याचा मेसेज तरी येतो कसा?

"या नंबरवरून तुम्हाला दोन मिस्ड कॉल आले," असा मेसेज येतो आणि नंबर बघावा तर ब्लॉक केलेलाच निघतो. यात मोबाईल बिघडलेला नसतो. आपण रेंजबाहेर असताना किंवा फोन बंद असताना कुणी कॉल केला, तर तो आपल्या मोबाईलपर्यंत येतच नाही. तो कंपनीच्या यंत्रणेत थांबतो आणि रेंज आल्यावर कंपनी मिस्ड कॉलचा मेसेज पाठवते. आपली ब्लॉकची यादी मोबाईलमध्ये असते. ती कंपनीच्या यंत्रणेला माहीत नसते.

व्हॉईसमेलचंही तसंच आहे. आपल्याकडे ही सेवा फार कमी जण वापरतात. पण ती चालू असेल तर मोबाईलने कापलेला कॉल व्हॉईसमेलकडे वळू शकतो आणि ब्लॉक केलेला माणूस तिथे आवाजातला निरोप ठेवू शकतो. नको असेल तर कस्टमर केअरला सांगून ही सेवा बंद करून घ्या.

आपले कॉल कुठे वळवले आहेत का, हेही एकदा बघून ठेवावं. डायल पॅडवर *#२१# दाबून कॉल केला की स्क्रीनवर माहिती येते. वळवलेले सगळे कॉल रद्द करायचे असतील तर ##००२# दाबून कॉल करा. मात्र त्याने मिस्ड कॉलचे मेसेजही बंद होऊ शकतात.

याच्या उलट, फोनवरून कुणी "*४०१* किंवा *२१* दाबून पुढे हा नंबर टाका" असं सांगितलं तर ते अजिबात करू नका. त्यामुळे आपले कॉल दुसऱ्याच्या फोनवर जाऊ शकतात. बँकेचा ओटीपी कॉलवरून येत असेल, तर तोही तिकडेच जातो.

मग सगळे अनोळखी नंबर बंद करावेत का?

मोबाईलमध्ये अनोळखी नंबर गप्प करण्याची सोय असते. शहरातल्या नोकरदाराचं त्यावर भागत असेल. शेतकऱ्याचं भागत नाही. व्यापारी, टेम्पोवाला, पंचनाम्याला येणारे तलाठी, कृषी सहाय्यक, पीक विम्याचा माणूस, दवाखाना, मुलांची शाळा, यांचे फोन बहुतेक वेळा सेव्ह नसलेल्या नंबरवरूनच येतात. ही सोय चालू केली तर कामाचे फोनही गप्प होतील.

त्यापेक्षा नेहमीच्या कामाच्या लोकांचे नंबर आजच नावाने सेव्ह करा. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र अनोळखी कॉल गप्प करायला हरकत नाही. सेटिंग, प्रायव्हसी, कॉल्स असं गेलं की तिथे हा पर्याय सापडतो. परदेशी नंबरांवरून येणारे कॉल त्याने वाजायचे थांबतात.

पहिलं काम: डीएनडी चालू करा

डीएनडी म्हणजे जाहिरातीचे कॉल आणि मेसेज नकोत, अशी सरकारी यादीत नोंद. त्यासाठी पैसे लागत नाहीत.

- १९०९ ला कॉल करून सांगता येतं.
- इंग्रजी अक्षरांत 'स्टार्ट' लिहून, जागा सोडून ० टाकून १९०९ ला मेसेज करता येतो.
- दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्रायचं 'डीएनडी' अ‍ॅप आहे. त्यातूनही नोंद करता येते.

दोन सिम असतील तर दोन्हीची वेगवेगळी नोंद करावी लागते. मेसेज ज्या सिमवरून पाठवाल, त्याचीच नोंद होते.

डीएनडी केलं की बँकेचा ओटीपी बंद होतो, अशी भीती गावात बऱ्याच जणांना वाटते. तसं होत नाही. ओटीपी, खात्यात पैसे आल्याचा मेसेज आणि सरकारी खात्यांचे मेसेज चालूच राहतात. जाहिराती तेवढ्या थांबतात.

पण डीएनडी पाळतात ते नियमाने नोंदणी केलेले जाहिरातदार. साध्या सिमवरून चोरून जाहिरात करणारा कसली यादी बघत नाही. त्याच्यासाठी तक्रार हाच उपाय आहे.

पाच तक्रारींचा हिशेब

ट्रायने फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम बदलले. त्यातल्या या गोष्टी प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात:

- कॉल आल्यापासून ७ दिवसांच्या आत तक्रार करता येते. आधी ही मुदत ३ दिवसांची होती.
- नोंदणी नसलेल्या नंबरवरून जाहिरात आली, तर आपलं डीएनडी चालू नसलं तरी तक्रार घेतली जाते.
- १० दिवसांत एखाद्याविरुद्ध ५ तक्रारी आल्या की तो कारवाईच्या कक्षेत येतो. आधी ७ दिवसांत १० तक्रारी लागायच्या.
- पहिल्यांदा दोषी ठरला तर त्याचे बाहेर जाणारे कॉल १५ दिवस बंद होतात. पुन्हा सापडला तर त्याच्या सगळ्या लाईन वर्षभरासाठी तोडल्या जातात आणि त्याचं नाव काळ्या यादीत जातं.

पाच तक्रारी म्हणजे काही फार नाहीत. एकाच गावात, एकाच भावकीत पाच जणांना तोच नंबर आलेला असतो. पण पाचही जण काय करतात? शिवी देतात, ब्लॉक करतात आणि विसरतात. त्यामुळे तो नंबर पुढच्या गावाला त्रास द्यायला मोकळा राहतो. त्या पाच जणांनी प्रत्येकी दोन मिनिटं काढून १९०९ ला किंवा डीएनडी अ‍ॅपवर तक्रार केली, तर त्याची लाईन बंद होऊ शकते. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळचे शुभ संदेश टाकतोच, तसा त्रास देणारा नंबरही टाकावा आणि "मी तक्रार केली, तुम्हीही करा" असं लिहावं.

तक्रारीत तीन गोष्टी लागतात: कुठल्या नंबरवरून कॉल आला, कुठल्या तारखेला आला आणि तो काय म्हणत होता. म्हणून ब्लॉक करायच्या आधी कॉलच्या यादीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आधी तक्रार, मग ब्लॉक, हा क्रम ठेवा.

नंबर बघून काय ओळखायचं?

१४० ने सुरू होणारे नंबर नोंदणीकृत जाहिरातदारांचे असतात. नको असेल तर उचलू नका. बँका आणि वित्त संस्थांच्या व्यवहाराच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर दिलेले आहेत. साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून कुणी "बँकेच्या हेड ऑफिसमधून बोलतोय" म्हणाला, तर सावध व्हा. शाखेतले साहेब साध्या नंबरवरून फोन करू शकतात, नाही असं नाही. अशा वेळी फोन ठेवून सरळ शाखेत जाऊन विचारा. आणि नंबर कुठलाही असो, ओटीपी आणि पिन कुणालाही सांगायचा नाही.

निवडणुकीत उमेदवाराचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकून आपल्याला अशा कॉलची सवय झाली आहे. फसवणारेही आता रेकॉर्डच लावतात. "तुमचा मोबाईल नंबर दोन तासांत बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी ९ दाबा," असा कॉल आला तर काहीही न दाबता फोन ठेवा. नंबर बंद करण्यासाठी ट्राय कुणालाही फोन करत नाही.

फसवणुकीचा संशय असेल तर 'चक्षू'

सोलर पंप मंजूर झालाय, पीएम किसानचा हप्ता अडकलाय, बिल भरलं नाही म्हणून रात्री वीज तोडणार, असं सांगून पैसे मागणारा किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाईल पाठवणारा हा जाहिरातवाला नसतो. तो चोर असतो. ती फाईल उघडली की मोबाईलमधले मेसेज त्याला दिसू शकतात.

अशा कॉलची तक्रार दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर 'चक्षू' या भागात करा. मागच्या ३० दिवसांतल्या कॉलची, एसएमएसची आणि व्हॉट्सअ‍ॅपची तक्रार तिथे करता येते. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, हेही संचार साथीवर बघता येतं. एखादं अनोळखी सिम दिसलं तर "हा नंबर माझा नाही" असं तिथेच कळवा.

पैसे गेले असतील तर चक्षूवर वेळ घालवू नका. लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेलाही कळवा. पैसे पुढे फिरण्याआधी अडवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. लाजेपोटी सकाळपर्यंत थांबणं सगळ्यात महागात पडतं.

एकच माणूस छळत असेल तर

काही घरांत त्रास वेगळाच असतो. कुणीतरी मुलीचा किंवा सुनेचा नंबर मिळवतो आणि रात्री-अपरात्री फोन करतो. ब्लॉक केलं की दुसऱ्या सिमवरून करतो. बऱ्याच घरांत यावर पहिला उपाय म्हणून मुलीचाच फोन काढून घेतला जातो. चूक दुसऱ्याची आणि शिक्षा तिला. तिचा अभ्यास, कॉलेजचे निरोप, सगळं बंद होतं. म्हणून मुलीही घरात सांगायला घाबरतात आणि छळणाऱ्याचं फावतं.

अशा वेळी "मला फोन करू नका" असा एकच मेसेज स्पष्ट पाठवावा. त्यानंतर उत्तर देऊ नये. कॉलची यादी, मेसेज आणि आवाजातले निरोप डिलीट न करता स्क्रीनशॉट काढून ठेवावेत, कारण तोच पुरावा असतो. स्त्रीने नको म्हटल्यावरही पुरुषाने वारंवार संपर्क करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास ३ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तक्रार पोलीस ठाण्यात द्यावी. तातडीची मदत हवी असेल तर ११२ आणि महिलांसाठी १८१ हे नंबर आहेत.

वसुलीचे फोन

कर्ज थकलं असेल तर बँकेचा फोन येणारच. तो फोन जाहिरात नाही, त्यामुळे डीएनडीने थांबत नाही. पण त्यालाही वेळेचं बंधन आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनेनुसार वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. धमकी देणं, नातेवाईकांना फोन करून बदनामी करणं हेही चालत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

हे नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा

- जाहिरातीचे कॉल, डीएनडी आणि तक्रार: १९०९
- पैशांची ऑनलाईन फसवणूक झाल्यास: १९३०
- फसवणुकीचा संशय, पण पैसे गेलेले नाहीत: संचार साथीवर 'चक्षू'
- तातडीची पोलीस मदत: ११२
- महिला हेल्पलाईन: १८१

घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या साध्या फोनवरही डीएनडीची नोंद होते. आज संध्याकाळी जेवणं झाली की आई-वडिलांचा फोन हातात घ्या, १९०९ ला मेसेज करा आणि हे नंबर त्यात सेव्ह करून द्या. पाच मिनिटांचं काम आहे.