मॉक टेस्टचे मार्क नंतर पाहा, आधी चुका पाहा : आयसेट देणाऱ्या आपल्या लेकरांसाठी



एरवी या पेजवर आपण मत्स्यबीज कधी येणार, कोणत्या तलावात किती सोडायचं, बाजारात कटला-रोहूला काय भाव चालू आहे, हेच बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे. आपल्या बऱ्याच घरांत आता डिग्री झालेली, नाहीतर शेवटच्या वर्षाला असलेली मुलं-मुली आहेत. त्यातल्या काहींना पुढे एमबीए करायचं आहे. त्यासाठी आपल्या तेलंगणात आयसेट ही प्रवेश परीक्षा असते. तयारी कशी चालू आहे असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "मोबाइलवर मॉक टेस्ट देतो ना!"

टेस्ट देणं चांगलंच आहे. पण आमच्याच एका घरातली गोष्ट सांगतो. पोराने पैसे भरून एका अ‍ॅपचं पॅकेज घेतलं आणि दोन महिन्यांत तीस टेस्ट दिल्या. पहिल्या टेस्टला मार्क होते 78, तिसाव्या टेस्टला 81. पोरगं हुशार आहे, मेहनतीलाही कमी नाही. मग अडलं कुठं? तो टेस्ट संपली की मार्क बघायचा आणि लगेच दुसरी उघडायचा. चुकलेली उत्तरं त्याने एकदाही उघडून पाहिली नव्हती.

आपल्या भाषेत सांगायचं तर रोज जाळं टाकायचं, रोज मासोळी कमी का आली म्हणून हळहळायचं, पण जाळं कुठं फाटलंय ते बघायचंच नाही. मॉक टेस्ट हे फाटलेलं कुठं आहे ते दाखवणारं काम आहे. सांधायचं आपल्यालाच असतं.

परीक्षा कशी असते?

आयसेट ही तेलंगणा उच्च शिक्षण परिषदेच्या वतीने एखादं विद्यापीठ घेतं. बरीच वर्षं वरंगलच्या काकतीय विद्यापीठाकडे हे काम होतं, 2025 ला नलगोंड्याच्या महात्मा गांधी विद्यापीठाने घेतली. परीक्षा कॉम्प्युटरवर असते. प्रश्न 200, वेळ 150 मिनिटं, प्रत्येक प्रश्नाला 1 मार्क.

तीन भाग आहेत. विश्लेषण क्षमता 75 प्रश्न, गणित 75 प्रश्न, आणि इंग्रजी व व्यवहारातली शब्दसंपत्ती 50 प्रश्न. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. कॅल्क्युलेटर नेता येत नाही.

हिशोब करा. 150 मिनिटं म्हणजे 9000 सेकंद. 200 प्रश्नांत वाटले तर एका प्रश्नाला फक्त 45 सेकंद मिळतात. म्हणून ही परीक्षा नुसती "येतं का" बघत नाही, "किती लवकर येतं" हेही बघते. आणि हा वेग पुस्तक वाचून येत नाही, घड्याळ लावून टेस्ट दिली तरच येतो.

50 मार्क आले म्हणून खूश होऊ नका

आयसेटमध्ये पात्र ठरायला 200 पैकी 50 मार्क, म्हणजे 25 टक्के लागतात. एससी-एसटी उमेदवारांना ही किमान अट नाही. बरीच लेकरं मॉकमध्ये 60 मार्क आले की "पास झालो" म्हणतात. पण नीट बघा. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आहेत. डोळे झाकून 200 च्या 200 गोल भरले तरी सरासरी चारातलं एक बरोबर येतं, म्हणजे 50 मार्क! म्हणून 60 मार्कांचा अर्थ एवढाच की अजून अभ्यास फारसा लागलेला नाही.

खरा खेळ रँकचा आहे. खासगी कॉलेजातल्या 70 टक्के जागा कन्व्हीनर कोट्यातून रँकप्रमाणे भरतात, बाकी मॅनेजमेंट कोट्याच्या असतात. सरकारची फी परतफेड, जी आपण ईपासवर भरतो, ती कन्व्हीनर कोट्यातल्या जागेलाच मिळते. म्हणजे रँक चांगली आली तर आवडीचं कॉलेज आणि फीचा भारही हलका. नाही आली तर घरातली नाव-जाळी गहाण टाकायची वेळ. म्हणून हा विषय एकट्या लेकरांचा नाही, सगळ्या घराचा आहे.

आपल्या लेकरांची खरी अडचण भाषेची

हा हिशोब बघा. तलावातून 60 किलो मासोळी निघाली. 40 किलो 120 रुपयांनी गेली, उरलेली 20 किलो संध्याकाळी 90 रुपयांनी काढली. सरासरी भाव किती पडला?

बाजारात बसणाऱ्या आपल्या काकू-मावश्या हे तोंडी सांगतील. 4800 आणि 1800 मिळून 6600, भागिले 60, म्हणजे 110 रुपये. पण आपली डिग्री झालेली पोरं घाईत 120 आणि 90 ची सरासरी काढून 105 लिहितात. त्या पर्यायांत 105 मुद्दाम ठेवलेलं असतं.

हाच प्रश्न पेपरात इंग्रजीत येतो. पहिल्या दोन भागांना इंग्रजीसोबत तेलुगू किंवा उर्दू निवडता येते. मराठीत पेपर नाही. तिसरा भाग तर फक्त इंग्रजीत. बेला, जैनथ, तामसी भागातली जी लेकरं मराठी शाळेतून शिकली, घरी मराठी बोलतात आणि कॉलेजात तेलुगू-इंग्रजी, त्यांचं गणित कच्चं नसतं. प्रश्न वाचण्यातच त्यांचे 45 सेकंद निघून जातात. हे कळणार कसं? टेस्टमधूनच. पण त्यासाठी पुढचं काम करावं लागतं.

चुकांची वही

टेस्ट संपली की थोडा आराम करा. मग त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, वही घेऊन बसा. चुकलेला आणि सोडलेला प्रत्येक प्रश्न पुन्हा उघडा. प्रत्येकापुढे चारातलं एक कारण लिहा :

1. येतच नव्हतं.
2. येत होतं, घाईत चुकलं.
3. प्रश्नाची भाषा समजली नाही.
4. वेळ उरला नाही.

शेवटी चारही कारणं मोजा. पहिलं कारण जास्त असेल तर तो धडा पुस्तकातून शिका, टेस्ट थांबवा. दुसरं जास्त असेल तर वेग थोडा कमी करा. तिसरं जास्त असेल तर गणिताचं पुस्तक बाजूला ठेवून रोज वीस इंग्रजी शब्द आणि एक उतारा वाचा. गणितात सारखे येणारे रेशो, अ‍ॅव्हरेज, डिस्काउंट, अ‍ॅट लीस्ट असे शब्द आणि त्यांचा मराठी अर्थ वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. चौथं जास्त असेल तर कोणते प्रश्न सोडून पुढे जायचं ते ठरवा.

टेस्टला अडीच तास गेले तर चुका तपासायलाही तेवढाच वेळ द्या. आठवड्याला एकच टेस्ट द्या, पण अशी पूर्ण तपासून द्या. दहा आठवड्यांत दहा टेस्ट होतील. त्या तीसपेक्षा भारी.

एक प्रकार जो पहिल्यांदा गोंधळात टाकतो

विश्लेषणाच्या भागात डेटा सफिशियन्सी म्हणून 20 प्रश्न असतात. त्यात उत्तर काढायचं नसतं, दिलेली माहिती पुरेशी आहे का एवढंच सांगायचं असतं. उदाहरण :

रोहूचा किलोचा भाव किती?
माहिती एक : 3 किलो रोहू आणि 2 किलो कटला मिळून 640 रुपये झाले.
माहिती दोन : कटला रोहूपेक्षा किलोला 20 रुपयांनी महाग आहे.

एकट्या पहिल्या माहितीवरून भाव निघत नाही, एकट्या दुसरीवरूनही नाही. दोन्ही मिळून निघतो. बस, तोच पर्याय निवडायचा आणि पुढे जायचं. भाव 120 येतो हे काढत बसलात तर तीस सेकंद वाया. सरावाशिवाय ही सवय लागत नाही.

टेस्ट कुठली द्यायची?

सगळ्यात आधी आयसेटच्या सरकारी वेबसाइटवरची मॉक टेस्ट. फुकट आहे आणि खऱ्या परीक्षेचा पडदा कसा दिसतो ते तिथे कळतं. तिथे उत्तर दिलेला प्रश्न हिरवा, उघडून सोडलेला लाल, पुन्हा बघायचा म्हणून खूण केलेला जांभळा दिसतो. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पर्यायावर क्लिक करून तसंच दुसऱ्या प्रश्नाच्या नंबरावर गेलात तर उत्तर जमा होत नाही. "सेव्ह अँड नेक्स्ट" दाबलं तरच ते जमा होतं. येत असलेले मार्क असे हातचे जायला नकोत.

त्यानंतर मागच्या वर्षांचे पेपर. परीक्षा झाली की प्रश्न आणि उत्तरांची यादी वेबसाइटवर टाकतात. त्यापेक्षा खरा सराव दुसरा नाही.

अ‍ॅपवाल्या टेस्ट घ्यायच्या असतील तर आधी बघा की भाग 75-75-50 असेच आहेत का. आयसेट आंध्र प्रदेशातही असते, तिची मांडणी वेगळी. कॅटची टेस्ट देऊन आयसेटची तयारी होत नाही. कॅटमध्ये 120 मिनिटं असतात, तीन भागांना 40-40 मिनिटं बांधलेली असतात, बरोबरला 3 मार्क आणि पर्यायी प्रश्न चुकला तर 1 मार्क कापतात. तिथे प्रश्न सोडणं शहाणपणाचं असू शकतं. आयसेटमध्ये मात्र एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. शेवटची पाच मिनिटं उरलेले गोल भरायला राखून ठेवा.

अ‍ॅप जी "तुमची रँक" दाखवतं ती फक्त त्या अ‍ॅपवर टेस्ट दिलेल्यांमधली असते. तिच्यावरून उड्या मारू नका आणि रडूही नका. आणि रँक लावून देतो म्हणून कुणी ओटीपी किंवा हॉल तिकिटाचा नंबर मागितला तर देऊ नका.

मोबाइलवर प्रश्न सोडवणं ठीक, पण निदान चार टेस्ट कॉम्प्युटरवर द्या. परीक्षेत सगळं काम माउसवर चालतं. घरी कॉम्प्युटर नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये सरांना विचारा, नाहीतर नेट सेंटरवर अडीच तास बसा. पॅकेजच्या पैशांपेक्षा ते स्वस्त पडेल.

घरच्यांसाठी दोन शब्द

गेल्या काही वर्षांत आयसेट साधारण मे-जूनमध्ये झाली आहे. म्हणजे तयारीचे खरे दिवस मार्च ते मे. आणि आपला तोच मासेमारीचा हंगाम! तलावाचं पाणी उतरतं, जाळं ओढायला घरचा प्रत्येक हात लागतो. लेकराला पूर्ण मोकळं सोडा असं आम्ही म्हणणार नाही, कारण तसं कुणालाच जमत नाही. पण आठवड्यातून एक दिवस सकाळी 10 ते 12:30 ही वेळ त्याच्या नाहीतर तिच्या नावाने बांधून द्या. परीक्षेची सकाळची पाळी अलीकडे याच वेळेला असते. त्या अडीच तासांत हाक मारायची नाही, घरातला एकच मोबाइल असेल तर तो मागायचा नाही.

मुलींच्या बाबतीत हे जास्तच सांगावं लागतं. पोराला अभ्यासाला बसू देतो, पोरीला मात्र मधेच चहा ठेवायला उठवतो. 150 मिनिटं सलग बसायची सवय तिलाही लागली पाहिजे. परीक्षेच्या दिवशीही वेळेआधी पोचवा, एक मिनिट उशीर झाला तरी आत घेत नाहीत.

आपल्या धंद्याला हिशोब, बर्फ, वाहतूक, बाजार समजणारी माणसं लागतात. आज भाव व्यापारी ठरवतो आणि आपण मान डोलावतो. उद्या आपल्याच घरातलं कुणीतरी समोर बसून भाव बोलेल, अशी आमची इच्छा आहे.

ज्यांच्या घरी यंदा आयसेट देणारं लेकरू आहे, त्यांनी या रविवारी एक टेस्ट घड्याळ लावून द्यायला सांगा. मग मार्क किती आले हे विचारू नका. "चारातलं कोणतं कारण जास्त निघालं?" हे विचारा.