वर्गणीतून व्हिडिओ गेम : आधी वही, मग आवाहन

मुले तासन्‌तास गेम खेळत बसतात, ही तक्रार आज घरोघरी आहे आणि ती खोटी नाही. पण हे गेम तयार कोण करतो, त्यावर पैसा कोणाचा लागतो आणि आपल्याच मुलामुलींनी एखादा गेम करायचे मनावर घेतले तर भांडवल कोठून आणावे, हे आपल्याकडे कोणी विचारत नाही. संगणक शिकलेले वस्तीतले चार तरुण आमच्याकडे नेमका हाच प्रश्न घेऊन आले, म्हणून हा लेखप्रपंच.

या तरुणांना ‘ओपन सोर्स’ म्हणजे मुक्त स्रोत पद्धतीचा गेम करायचा आहे. अशा गेमची मूळ आज्ञावली सर्वांसाठी उघडी असते. कोणीही ती वाचावी, तीवरून शिकावे, तीत बदल करावा, पुढे वाटावी. गेम बहुधा फुकटच मिळतो. आणि पेच येथेच आहे! जी वस्तू उद्या फुकट मिळणार, तिच्यासाठी आज लोकांनी खिशात हात का घालावा?

या पेचातून गेलेला एक गेम आहे, ‘झीरो ए.डी.’ नावाचा. (इसवी सन पूर्व 1 नंतर थेट इसवी सन 1 येते, मध्ये शून्य वर्ष नाहीच. म्हणजे नावच मुळी काल्पनिक वर्षाचे!) प्राचीन राज्ये उभारायची आणि लढवायची, असा हा खेळ. रोम, ग्रीस, कार्थेज यांच्या बरोबरीने त्यात मौर्यही आहेत. खेळणाऱ्याला सम्राट अशोकाला मैदानात उतरवता येते, अशोकाचे स्तंभ उभारता येतात. शाळेच्या पुस्तकात दोन पानांत आटोपणारा अशोक जगभरची मुले येथे खेळता खेळता भेटतात, ही गोष्ट आम्हास मोलाची वाटते.

हा गेम कोणा बड्या कंपनीचा नाही. 2001 साली दुसऱ्या एका गेममधील फेरफार म्हणून त्याची कल्पना निघाली, पुढे तो स्वतंत्र झाला. ‘वाइल्डफायर गेम्स’ या नावाखाली देशोदेशीचे हौशी लोक नोकरी-शिक्षण सांभाळून त्यावर खपले. जुलै 2009 मध्ये त्यांनी मूळ आज्ञावली आणि चित्रे सर्वांना खुली केली. पण फावल्या वेळेचे काम गोगलगाईच्या चालीने सरकते. पूर्ण वेळ माणूस नेमायचा तर पगार हवा. म्हणून सप्टेंबर 2013 मध्ये ‘इंडीगोगो’ या इंटरनेटवरील मंचावर त्यांनी जगाकडे वर्गणी मागितली. मागणी होती 1 लाख 60 हजार डॉलरची. जमले 33 हजार 251. पाचात एकाहून किंचित जास्त!

अशा मंचांची रीत समजून घेतली पाहिजे. ‘किकस्टार्टर’वर ठरवलेली रक्कम पुरी झाली नाही तर एक पैही हाती येत नाही, देणाऱ्याचे पैसे त्याच्यापाशीच राहतात. इंडीगोगोवर जमेल तेवढे घेण्याची सोय होती, पण त्या काळी लक्ष्य गाठणाऱ्याकडून मंच 4 टक्के कापून घेई आणि न गाठणाऱ्याकडून 9 टक्के. म्हणजे ज्याचे आधीच कमी जमले, त्यालाच कात्री मोठी. झीरो ए.डी.वाल्यांनी जमलेली रक्कम प्रोग्रामरच्या कामासाठी ठेवली. त्यांच्या देणग्यांचा पैसा अमेरिकेतील ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’ ही ना-नफा संस्था सांभाळते, कोणा एकाच्या खात्यात तो जात नाही. ही व्यवस्था आम्हास फार आवडली.

याच्या शेजारी 2002 सालचे उदाहरण ठेवा. ‘ब्लेंडर’ हे त्रिमिती चित्रे करण्याचे साधन, गेमवालेही ते वापरतात. ते विकणारी कंपनी बंद पडली. तिच्यात पैसा गुंतवणाऱ्यांनी हक्क सोडण्याची किंमत 1 लाख युरो सांगितली. टॉन रूसेंडाल यांनी वापरणाऱ्यांना हाक दिली आणि सात आठवड्यांत रक्कम उभी राहिली! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मूळ आज्ञावली सर्वांची झाली.

आमच्या मते फरक मागणीतच होता. ब्लेंडरच्या लोकांना ठाऊक होते की इतके पैसे दिले की अमुक वस्तू कायमची आपली. वापरणारेही आधीच मोजके नव्हते. झीरो ए.डी.ची मागणी कामाच्या गरजेवरून ठरली. गरज खरीच होती, पण देणारे हात किती, हा वेगळा हिशेब आहे.

आमच्या तरुणांनी आणलेला कागद असा : एका प्रोग्रामरचे मानधन महिना 40 हजार, सहा महिन्यांचे 2 लाख 40 हजार. मंचाचा वाटा व इतर कपात मिळून 10 टक्के जातील असे धरून त्यांनी वर 24 हजार चढवले, मागणी केली 2 लाख 64 हजारांची. वाणिज्य शाखेचा माणूस येथे थबकणारच! 2 लाख 64 हजारांतून 10 टक्के गेले की उरतात 2 लाख 37 हजार 600. खड्डा 2 हजार 400 चा. कपात एकूण जमेवर होते, म्हणून 2 लाख 40 हजारांस 0.9 ने भागावे. उत्तर येते 2 लाख 66 हजार 667. माणशी 500 रुपये धरले तर 534 माणसे हवीत.

टी-शर्ट आणि पोस्टर भेट देण्याची कल्पना आम्ही खोडली. छपाई आणि टपालखर्च वर्गणीच खाऊन टाकतो. वस्तू दिली की तो व्यवहार विक्री तर ठरत नाही ना, हेही सनदी लेखापालास विचारावे लागते. मंडळाच्या नावे परदेशातून पैसा घ्यायचा तर 2010 चा परकीय अंशदानाचा कायदा आड येतो. चित्रे-संगीत बाहेरून घ्यायचे तर मूळ कलावंताची पुढे वाटण्याला लेखी संमती हवी, नाहीतर आज्ञावली मुक्त आणि चित्रे कुलुपात, असे होते.

मग वही काढली. मागितले तर नक्की देतील अशांची नावे लिहा म्हटले. रात्री उशिरापर्यंत बसून 70 नावे भरली. 534 कोठे आणि 70 कोठे! मुलांनी स्वतःच मागणी सहा महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणली : 88 हजार 889 रुपये, 178 माणसे. तेवढ्यात गेमचा पहिला भाग तरी पुरा होईल. आवाहन अजून निघालेले नाही. अर्धवट का होईना, खेळता येईल असा नमुना आधी त्या 70 जणांच्या घरी दाखवायचा आणि नकार आला तर कारणासह वहीत लिहायचा, असे ठरले आहे.