ड्रायव्हरची ये-जा आणि कर्नलची पडझड

संगणकात बसवलेले नेटवर्क कार्ड स्वतःहून काही करीत नाही. त्याला ऑपरेटिंग सिस्टीमशी बोलते करणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. लिनक्समध्ये तो बहुधा सुट्या मॉड्यूलच्या रूपात असतो; संगणक चालू असतानाच तो कर्नलमध्ये चढवता येतो आणि काम झाले की उतरवता येतो. सोय मोठी, पण जोखीमही तेवढीच. साधा प्रोग्रॅम बिघडला तर तो एकटाच बंद पडतो. कर्नलमधील मॉड्यूल चुकले तर अख्खा संगणक ठप्प होऊ शकतो.

चढताना ड्रायव्हर मेमरी मागून घेतो, टायमर लावतो, कार्डाकडून येणाऱ्या इंटरप्टसाठी नाव नोंदवतो. उतरताना हे सारे आवरावे लागते. एखादा टायमर बंद करायचा राहिला, तर ड्रायव्हर गेल्यानंतर तो वाजतो आणि कर्नल रिकाम्या घराचे दार ठोठावतो. तेथे एव्हाना दुसराच कोणी राहायला आलेला असू शकतो. असा दोष एकदोनदा चढवून-उतरवून दिसत नाही. म्हणून अभियंते तीच क्रिया शेकडो वेळा करून पाहतात. कोसळताना कर्नल शेवटचा संदेश सोडतो, तो दुसऱ्या संगणकावर टिपून ठेवणे ही तपासाची पहिली पायरी. हा संदेश नेटवर्कवरून पाठवण्याचीही सोय आहे. मात्र नेटवर्कचाच ड्रायव्हर आजारी असेल तेव्हा तिचा काय उपयोग! तेथे जुनी सीरियल केबलच कामी येते. २०१५ मध्ये लिनक्स ४.० बरोबर आलेली 'कासान' ही सुविधा सोडून दिलेल्या मेमरीला कोणी हात लावला की तेथल्या तेथे पकडते.

२००८ साली ही सुविधा नव्हती. त्या सप्टेंबरमध्ये लिनक्स २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्यांची इंटेलची काही नेटवर्क कार्डे कायमची निकामी होऊ लागली. कार्डावरील स्थायी मेमरीतील माहितीच पुसली जात होती, त्यामुळे संगणक पुन्हा सुरू करूनही उपयोग नव्हता. पहिला संशय अर्थातच 'ई-१०००-ई' या ड्रायव्हरवर आला. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडेही बोट दाखवले गेले. दोषी निघाला तिसराच: कर्नलच्या हालचाली टिपणारा 'एफट्रेस'.

मॉड्यूल चढताना एकदाच लागणारा आरंभीचा कोड काम होताच मेमरीतून काढला जातो. एफट्रेसने मात्र त्यातील जागांचे पत्ते जपून ठेवले होते. पुढे तेच पत्ते कार्डाच्या स्थायी मेमरीला मिळाले. एफट्रेस लिहिण्यापूर्वी जुना मजकूर जुळतो का, हे पाहत असे. पण त्यासाठी वापरलेली प्रोसेसरची सूचना मजकूर जुळला नाही तरी जुनेच मूल्य पुन्हा लिहिते. साध्या मेमरीत त्याने काही बिघडत नाही. कार्डाच्या मेमरीवर मात्र हे लिहिणेच घातक ठरले.

९ ऑक्टोबर २००८ रोजी २.६.२७ प्रसिद्ध झाली, तेव्हा ड्रायव्हरने कार्डाच्या मेमरीला लेखनबंदीचे कुलूप लावले होते. मूळ कारण उमगल्यावर १५ ऑक्टोबरच्या २.६.२७.१ मध्ये एफट्रेसची ती सोयच बंद करण्यात आली. त्यानंतरच्या २.६.२८ मध्ये या जागा चालत्या संगणकात न शोधता कर्नल बांधतानाच नोंदवण्याची पद्धत आली.