हाडांचा क्षय : ओळख आणि उपचार

क्षय म्हटला की खोकला आणि रक्ताची थुंकी एवढेच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे येते. परंतु रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली ज्याचा शोध लावला तो जंतू फुफ्फुसातच राहतो असे नाही. रक्तावाटे तो हाडांत व सांध्यांतही जाऊन बसतो. हाडांच्या क्षयाचे सुमारे निम्मे रोगी पाठीच्या कण्याचे असतात. खोकला नसल्याने कोणाला शंका येत नाही, आणि लचक समजून तेल चोळण्यात महिने निघून जातात. खरी हानी होते ती येथेच.

आम्हा शिक्षकांच्या नजरेखाली मुले रोज असतात. पडलेली पेन्सिल उचलताना मूल पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत वाकते, लंगडते किंवा रात्री झोपेतून कळवळून उठते, तेव्हा ‘खेळताना लागले असेल’ म्हणून सोडून देऊ नये. मोठ्यांतही आठवडेच्या आठवडे न थांबणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारे वजन, किंवा हाताला गरम न लागणारे गळू ही लक्षणे दुर्लक्षिण्याजोगी नव्हेत. पायांतील शक्ती कमी झाली वा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

आरंभी एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. एमआरआयमध्ये बिघाड लवकर दिसतो. तरी शक्य तेथे सुईने रोगट भागाचा अंश काढून तपासणे उत्तम. सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत जंतू आहे काय आणि रिफाम्पिसिन त्याला लागू पडेल काय, हे सांगते.

उपचारात सामान्यतः पहिले दोन महिने चार औषधे, पुढे किमान दहा महिने तीन औषधे देतात. बनारसचे डॉ. तुली यांनी १९७५ साली दाखवून दिले की, कण्याच्या पुष्कळ रोग्यांना औषध व विश्रांती पुरते. शस्त्रक्रिया गरजेपुरतीच करावी. औषधाने लघवी तांबूस झाली तर भिऊ नये. मात्र कावीळ झाली वा दृष्टी मंदावली तर डॉक्टरांना तात्काळ कळवावे. दुखणे थांबले म्हणून गोळ्या थांबवणे म्हणजे जंतूला बळ देणे होय. सरकारी केंद्रांत ही औषधे मोफत मिळतात.

मुलीचे लग्न अडेल या भीतीने काही घरांत हे दुखणे लपवले जाते. केवळ हाडातला क्षय सहसा दुसऱ्याला लागत नाही, आणि वेळीच उपचार झाल्यास तो बरा होतो. हा कुळाला लागलेला डाग नव्हे. लपवल्याने मात्र पाठीला कायमचे कुबड येऊ शकते, एवढे प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावे.