तुटलेला तारा, लघुग्रह आणि लोणारचे सरोवर

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. त्या रात्री विदर्भ आणि मध्य प्रदेशाच्या आकाशातून जळत्या रेघा गेल्या. सोमवारी दवाखान्यात तोच विषय. कुणी म्हणे उल्का, कुणी धूमकेतू, कुणी लघुग्रह. एका आजींनी विचारले, "डॉक्टरसाहेब, वर्षाच्या पहिल्याच दिवशी हा अपशकुन तर नाही?"

आमच्या व्यवसायात निदान आधी, औषध नंतर. इथेही तेच करू.

लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारे खडकाचे किंवा धातूचे लहान पिंड. ग्रह घडताना उरलेला हा माल. गुरूच्या ओढीमुळे तो एकत्र येऊन ग्रह झाला नाही. बहुतेक लघुग्रह मंगळ व गुरू यांच्या दरम्यान आहेत. पहिला, सेरेस, पियात्सी यांना १ जानेवारी १८०१ रोजी दिसला. तो सुमारे ९४० किलोमीटर रुंद आणि गोलाकार असल्याने २००६ पासून बटुग्रहांत गणला जातो. धूमकेतूत बर्फ फार. सूर्याजवळ येताच त्याची वाफ होऊन शेपूट दिसते. आकाशातला लहानसा कण हवेत शिरून पेटतो, ती उल्का. 'तारा तुटला' म्हणतो तो हाच. ताऱ्याला काही होत नाही. न जळता जमिनीवर पोचलेला दगड तो अशनी.

दगडाला बळ वेगाचे असते, हे गोटमार पाहणाऱ्या पांढुर्णेकरांना सांगायला नको. लघुग्रहाचा वेग सेकंदाला कित्येक किलोमीटर. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार पाहा: काळ्या पाषाणात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा. पूर्वी अनेकांना तो ज्वालामुखीचा वाटे. पुढे तिथे प्रचंड आघातानेच तयार होणारे काचेसारखे खनिज सापडले आणि निदान पक्के झाले.

मग भ्यावे का? भिण्यापेक्षा नजर ठेवावी. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाने डायमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या पिंडावर यान आदळवले. त्याच्या प्रदक्षिणेचा काळ अर्ध्या तासाहून अधिक घटला. म्हणजे वेळीच कळले, तर दगडाची वाट बदलता येते.

आणि पाडव्याच्या त्या रेघा? चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला धातूचे मोठे कडे पडलेले सापडले. ते अग्निबाणाचे अवशेष होते. लघुग्रह नव्हे, उल्काही नव्हे; माणसाचाच कचरा. आजींना मी तेच सांगितले. त्या म्हणाल्या, "मग अपशकुन नाही, निष्काळजीपणा आहे."

याहून नेमके निदान मला सुचले नसते.