ऊन आणि आपली कातडी

बाही जरा वर सारा. बाहीखालचा हात पाहा आणि मनगटाजवळचा हात पाहा. वरची कातडी उजळ आहे, मऊ आहे. खालची रापलेली, खरखरीत. तिच्यावर बारीक रेघाही असतील. दोन्ही कातड्या एकाच माणसाच्या. दोघींचे वय सारखेच. मग एक आधी म्हातारी का झाली?

एकीवर कापड होते, दुसरीवर ऊन होते. एवढाच फरक.

अमेरिकेत एक गृहस्थ २८ वर्षे मालाची गाडी चालवत होते. तिकडे चालक डावीकडे बसतो. म्हणजे खिडकीतले ऊन डाव्या गालावर. वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांच्या डाव्या गालाची कातडी जाड झालेली, खोल सुरकुत्या पडलेली होती. उजवा गाल त्या मानाने पुष्कळ बरा होता. २०१२ साली त्यांचे छायाचित्र डॉक्टरांच्या एका नियतकालिकात छापून आले. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. तेव्हा एस.टी.च्या चालकाचा उजवा हात एकदा नीट पाहा.

उन्हात दिसणारा उजेड असतो, तसे न दिसणारे किरणही असतात. इंद्रधनुष्यातल्या जांभळ्या रंगाच्या पलीकडचे हे किरण १८०१ साली जर्मनीत रिटर नावाच्या शास्त्रज्ञाने शोधले. त्यांना अतिनील किरण म्हणतात. त्यांतले काही वरची कातडी भाजतात. आग होते, साल निघते. खिडकीच्या काचेने ते बरेच अडतात. दुसऱ्या जातीचे किरण काचेतून आत येतात. ते भाजत नाहीत, म्हणून कळत नाहीत. पण ते कातडीत खोल जातात आणि तिला ताठ ठेवणारे आतले धागे सैल करतात.

हे कसे होते? किरण आत शिरले की कातडीत काही कण मोकाट सुटतात. जोडी मोडलेल्या बैलासारखी त्यांची गत होते. जोडीदार मिळवायला ते शेजारच्या कणाला ओढतात. मग तो शेजारी मोकाट सुटतो. अशी रांगच लागते. शेंगदाण्याचे तेल उघड्या बाटलीत उजेडात ठेवले की खवट होते ना? तो खेळ ह्याच जातीचा. त्यात प्राणवायूचा मोठा हात असतो.

ह्या मोकाट कणांना जोडीदार देऊन शांत करणारी काही द्रव्ये आहेत. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. शब्द मोठा आहे, पण वस्तू घरातलीच आहे. आवळ्या-पेरूतले 'क' जीवनसत्त्व, तेलबियांतले 'ई' जीवनसत्त्व, गाजराला रंग देणारे द्रव्य, ही सगळी त्यांतलीच. पेरूत संत्र्याच्या चौपट 'क' जीवनसत्त्व असते. एक मध्यम पेरू खाल्ला की मोठ्या माणसाची दिवसाची गरज भागते. शिवाय आपले शरीर स्वतःही असे रक्षक तयार करते. पण ऊन फार झाले की ते पुरे पडत नाहीत.

आता खरी गोष्ट सांगतो. आमच्या वर्गात एक बाई गोळ्यांची बाटली घेऊन आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, ह्या खाल्ल्या की ऊन बाधत नाही म्हणे." त्यांची आठवड्याची मजुरी त्या बाटलीत गेली होती. हा लेख आम्ही त्यांच्यासाठीच लिहायला घेतला.

ऑस्ट्रेलियात नॅम्बोर गावी १९९२ ते १९९६ या काळात ह्याची परीक्षा झाली. काही लोकांना ऊन अडवणारे मलम रोज लावायला दिले. बाकीचे हवे तेव्हा लावत. शिवाय काहींना गाजरातल्या द्रव्याच्या गोळ्या दिल्या, काहींना नुसत्याच दिसायला तशा गोळ्या. मग ९०३ जणांच्या हाताच्या मागच्या कातडीचे ठसे तपासले. (आपण अंगठ्याचा ठसा देत होतो, त्यातलाच प्रकार!) रोज मलम लावणाऱ्यांची कातडी इतरांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी म्हातारी झालेली दिसली. गोळ्यांनी मात्र एकंदरीत काही फरक पडला नाही. फिनलंडमध्ये तर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना ह्याच द्रव्याच्या गोळ्या दिल्या, तेव्हा त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढलेला आढळला. हे १९९४ साली जाहीर झाले. पेरू, गाजर खुशाल खा. गोळ्यांचे तसे नाही.

मलम किंवा कापड, दोन्ही किरणाला दारातच अडवतात. मलम महाग पडते. ते भरपूर लावावे लागते आणि उन्हात दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. आमच्या मते कष्टकऱ्याला कापडच बरे. शेतात बाया साडीवर घरधन्याचा जुना शर्ट घालून खुरपायला जातात, त्यात मोठे शहाणपण आहे. फक्त तो फार विरलेला नसावा. उजेडासमोर धरून पाहा. आरपार दिसले तर किरणही आरपार जातील. गडद रंगाचे, घट्ट विणीचे कापड जास्त किरण अडवते. डोक्याला फेटा किंवा पदर असला तरी कान आणि मान उघडी राहतात, तिकडे लक्ष असू द्या.

सकाळी दहा ते दुपारी चार सावलीत बसा, असे पुस्तके सांगतात. त्या वेळची मजुरी कोण देणार, ते मात्र सांगत नाहीत! निदान आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडू लागली की ऊन कडक झाले, एवढे ओळखावे आणि विसावा त्या वेळेला घ्यावा.

सावळ्या रंगाची लाज बाळगू नका. तो रंग म्हणजे निसर्गाने दिलेली छत्री आहे. ती पुरती झाकत नाही, पण पुष्कळ झाकते. गोरे व्हायला लिंबाचा रस तोंडाला चोळून तर उन्हात मुळीच जाऊ नका. लिंबातल्या काही द्रव्यांवर ऊन पडले की फोड येतात आणि काळे डाग महिनेच्या महिने राहतात. 'क' जीवनसत्त्व लिंबात आहे खरे, पण ते पोटात जावे.

ज्यांच्या अंगात जन्मापासून रंग नसतो, ज्यांचे केससुद्धा पांढरे असतात, त्यांना ही छत्रीच नसते. त्यांनी पोरवयापासून अंग झाकून ठेवावे. आणि कोणाच्याही अंगावरचा तीळ वाढू लागला, त्याचा रंग बदलला, किंवा जखम महिनाभर भरली नाही, तर घरगुती लेप लावत न बसता सरकारी दवाखान्यात दाखवा.