नवसागर कुठे धरेल?

कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकतो आणि पांढरा धूर उठतो. उष्णतेने नवसागराचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. थंडावले की पुन्हा नवसागर. रिफायनरीत कच्चं तेल (क्रूड) तापवून वेगळं करणाऱ्या क्रूड कॉलमच्या माथ्यावर हेच घडतं, पण बंद पोलादाच्या आत.

क्रूडबरोबर खारं पाणी येतं. मीठ काढणाऱ्या डिसॉल्टरमध्ये धुतलं तरी थोडं मीठ उरतंच. भट्टीत साडेतीनशे अंशांच्या आसपास मॅग्नेशियम आणि कॅल्शियमच्या क्लोराइडांतून हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि वाफांबरोबर वर चढतो. हे आम्ल मारायला अमोनिया किंवा अमाइन सोडतात. त्यातूनच क्षार तयार होतो; अमोनिया असेल तर तो नवसागर.

तो कोणत्या तापमानाला धरेल, हा खरा प्रश्न. दोन्ही वायूंच्या आंशिक दाबांचा गुणाकार ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की नवसागर वायूतून थेट घन होतो. ११० अंशांच्या सुमारास दशलक्षात दहाएक भागही त्याला पुरतात! पाणी आधी सुटलं, तर क्षार विरघळून वाहून जातो. क्षार आधी धरला, तर तो ट्रेवर, नळ्यांत चिकटतो, ओल ओढून घेतो आणि खालचं पोलाद खातो.

या अंदाजाची सुरुवात माथ्यावरच्या वाफा थंड होऊन जमतात त्या ओव्हरहेड ड्रमच्या तळाशी, पाणी साचणाऱ्या खोलगट ‘बूट’मधून काढलेल्या पाण्याच्या बाटलीपासून होते. लॅबमध्ये पीएच, क्लोराइड, लोह तपासतात. क्लोराइडला पाण्याच्या प्रवाहाने गुणून वर किती आम्ल होतं, त्याचा उलटा हिशेब मांडतात.

गोम इथेच आहे. क्लोराइडचा आकडा उतरला की सगळ्यांना बरं वाटतं. पण तो उतरलाय कशामुळे? क्षार वरच अडकून बसला, तर तो पाण्यात येणारच नाही, आणि त्या आकड्यावरचा हिशेब धोका कमी दाखवेल. म्हणून जाणता इंजिनिअर वरच्या ट्रेंवरचा दाबातला फरकही पाहतो. तो हळूहळू चढत असेल, तर चांगल्या रिपोर्टवर विसंबू नये. मुंबईतल्या माहुलच्या रिफायनऱ्यांसारख्या ठिकाणी, जिथे जहाजाने येणारं क्रूड बदलत राहतं, तिथे आठवड्यातून एकदा घेतलेलं सॅम्पल तर फारच अपुरं.

माथ्याचं तापमान वाढवून क्षार टाळता येतो, पण मग नाफ्था जड होतो आणि केरोसीन घटतं. प्लॅनिंगवाले सहजी मानत नाहीत. उरतं क्षार धुऊन काढायला वर सोडायचं पाणी. तेही हात आखडून सोडलं तर सगळं वाफ होऊन जातं आणि क्षार नुसता ओलसर होतो, म्हणजे आणखी घातक. म्हणून सोडलेल्यापैकी निदान पाव भाग द्रवरूपातच राहील, इतकं पाणी सोडायचा प्रघात आहे.